मागच्या सीटवर केसरबाई

रविवार, १ डिसेंबर २०२४

वही लिहायची रीत मला ठाऊक नाही, पत्राची ठाऊक आहे. एसटीत ड्रायव्हर असताना मुक्कामाच्या गावी गाडी लावून झाली की बाकड्यावर बसून घरी चार ओळी लिहायचो. शाळा चौथीपर्यंत. पुढचं अक्षर पाट्या आणि भज्यांचे पेपर वाचून जमवलेलं. म्हणून पत्रासारखंच सुरू करतो. आधी सगळ्यांच्या तब्येती.

संध्या, पोरी, तुझी पाठ कशी आहे? दिवसभर वर्गात उभी असतेस, घरी आल्यावर तरी जरा टेकत जा. जावईबापूंची साखर काय म्हणते? मार्केट यार्डात कांद्याच्या हर्राशीला गेलं की चहावर चहा होतो, त्यांना म्हणावं बिनसाखरेचा मागत जा. श्रेयाचा खोकला गेला का? वैजापूरला थंडी लई, पोरीचे कान झाकून ठेव. तुझ्या आईची तब्येत अंगानं बरी आहे. दोन्ही वेळेला नीट जेवते. माझे गुडघे जिना चढताना कुरकुर करतात, उतरताना गप्प. आपली जुनी मारुती सकाळी थोडं खोकते आणि मग सुरू होते, म्हणजे घरात तिचीच तब्येत सगळ्यात चांगली म्हणायची.

हे कुणाला पाठवायचं नाही. घरात बोलायला माणूस नाही म्हणून लिहितोय. माणूस आहे, पण मला बघितलं की गप्प होतं. केसरबाईचं दोन वर्षांपासून डोकं विसरायला लागलंय. आज कोणता वार, जेवण झालं की नाही, काही राहत नाही. मी घरात आलो की पदर डोक्यावर ओढून भिंतीला टेकून बसते. कपाटावरचा डबा काढायला हात वर केला तरी अंग चोरते. डॉक्टर म्हणाले, या आजारात भीती वाढते. आजाराचंच आहे ते.

हात मात्र काही विसरले नाहीत. लोकर आणि सुया दिल्या की चालू.

मंगळवार, ३ डिसेंबर

संध्याचा फोन. "बाबा, आईला मी घेऊन जाते."

मी म्हटलं, "का? मी मेलोय का?"

"तसं नाय. तिला तिथं बरं वाटत नाय."

"तुला कुणी सांगितलं? बायको माझी आहे, घर माझं आहे."

मास्तरीण झाल्यापासून ही तिची सवयच आहे, गप्प राहून समोरच्याला घाम फोडायचा. मग म्हणाली, "संक्रांतीला येते. आईलाच विचारू. ती म्हणंल तसं करू. तुम्ही मध्ये बोलायचं नाय."

मी कबूल झालो. आता केसरबाईनं इथंच राहीन म्हणायला पाहिजे. पन्नास वर्षं होत आली संसाराला. म्हणेलच. नाही म्हणाली तर या घरात मी आणि सिलिंग फॅन.

गुरुवार, ५ डिसेंबर

आज नवल झालं. धुतलेला सदरा नव्हता म्हणून पेटीतला जुना खाकी शर्ट घातला आणि खाली गाडी पुसत होतो. केसरबाई चपला घालून खाली आली. लोकरीची पिशवी काखेत. स्वतःच मागचं दार उघडलं आणि बसली.

"ड्रायव्हर, चला की. ऊन व्हायच्या आत निघू."

मी म्हटलं, "कुठं?"

"तुमी न्याल तिकडं. मालक घरी नायत तवर जाऊन येऊ."

मी तिच्याकडं बघत राहिलो. तिनं मला ओळखलं नव्हतं, आणि हसत होती. मी आपला स्टिअरिंगवर बसलो. पडेगाव मागं पडलं, दौलताबादपर्यंत गेलो. रस्त्याच्या कडेला पेरू घेतले. तिनं मीठ-तिखट लावून एक मला मागून पुढं दिला. "खा की. ड्रायव्हरला काय पोट नसतं का?" सबंध रस्ता बोलत होती. माहेरच्या म्हशीचं, पाटावर वाहून गेलेल्या परकराचं, काय काय. मी आरशात बघत होतो. हसताना तिच्या एका गालाला खळी पडते. हे मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर वर जाऊन सदरा बदलला. तिनं मला बघितलं आणि पदर ओढला.

उद्या परत खाकी घालणार.

मंगळवार, १० डिसेंबर

आता रोजच निघतो. आज खुलताबादचा घाट चढलो. वर गोकुळची चहाची टपरी आहे, मी एसटी चालवायचो तेव्हा त्याचा बाप असायचा. गोकुळ म्हणाला, "कडुबामामा, रिटायर होऊन बी खाकी? आणि मामीला मागं बसवलं? भांडण झालं काय?"

मी त्याला डोळ्यानं गप्प केलं. केसरबाई म्हणाली, "मामी कुणाला म्हणतोस रं? ह्ये आमचे ड्रायव्हर आहेत. लई भला माणूस. गाडी अशी चालवतात की टाका बी चुकत नाय."

गोकुळनं माझ्याकडं बघितलं, मग ग्लास धुवायला लागला. चहाचे पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत कोण जाणे.

चहा पिताना तिनं सांगितलं, "लग्नाच्या पहिल्या थंडीत मालकाला स्वेटर विणलं होतं. बारीक सुयांवर. दिवस दिवस बसून. घातलं आन म्हणाले, बाही आखूड झाली. काढलं आन चुलीत घातलं. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो बघा, ड्रायव्हर. तवापासून मी त्यांच्यासाठी एक टाका बी घातला नाय."

हे कुणाचं सांगत होती कळलं नाही. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर जन्मभर 'हे', 'घरचे', 'मालक'. त्यामुळं मालक म्हणजे कोणीही असू शकतो. तिच्या आईनं तिच्या बापाला विणलं असेल. तो माणूस तापट होता. सासऱ्याबद्दल वाईट लिहू नये, पण होता.

रविवार, १५ डिसेंबर

वाटलं, खाकीत असताना बरं वाटतं तर घरातही खाकी घालावी. संध्याकाळी तसाच आत गेलो. केसरबाई भाकरी थापत होती, घाबरून उठली.

"ड्रायव्हर, आत कशाला आलात? मालक यायचा टाइम झाला. बाहेर थांबा. तुमाला बी मारतील."

'तुमाला बी' म्हणाली.

मी बाहेर पायरीवर बसलो. तिनं दारातून ताट सरकवलं. गरम भाकरी, वांगं, वर शेंगदाण्याची चटणी. सदरा घालून आत बसतो तेव्हा ताट लांबून ठेवते आणि मी जेवेपर्यंत उभी राहते. पायरीवर मला म्हणाली, "अजून एक घ्या, सकाळपासून गाडी चालवताय." वांगं फार छान झालं होतं.

शेजारच्या भामाबाई कठड्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "कडुबाभाऊ, आजकाल लई शांत असतं तुमचं घर. पैले आमी टीव्ही मोठा करायचो, आता मोठा करायला लागत नाय." चांगलंच म्हणाल्या. वयानं माणूस शांत होतोच.

शनिवार, २१ डिसेंबर

करमाडच्या पुढं एका शेतात हुरडा भाजत होते. आम्ही पण बसलो. गोवऱ्यांची धग, गरम कणसं, दही, गूळ. तिला हुरडा चोळून मी हातावर दिला. तिनं खाल्ला. एवढीशी गोष्ट, पण आयुष्यात पहिल्यांदा केली.

मग म्हणाली, "ड्रायव्हर, नुसते बसून काय राहता? हात द्या." माझ्या हातात सुया दिल्या. "सुलटा, सुलटा. आता लोकर पुढं घ्या, उलटा. आवळू नका. लोकरीचा काय जीव घ्यायचाय?" माझी बोटं गिअरच्या दांड्याला सवकलेली. टाका सुटायचा, ती हसून उचलून द्यायची. एक ओळ झाली. वाकडी झाली पण झाली. घरी आल्यावर सराव केला, लोकरीचा एक उरलेला गुंडा घेऊन, आपलं आपण. सुलटा-उलटा केला की डोक्यातली किरकिर थांबते. हे बायकांनी इतकी वर्षं आम्हाला सांगितलं नाही.

ती ज्यावर विणतेय ते स्वेटर कुणासाठी, विचारलं. म्हणाली, "तुमच्यासाठी. पाठ करा इकडं." आणि विणलेला भाग माझ्या खांद्यांवर धरून माप घेतलं. तिची बोटं मानेला लागली. मी हललो नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

आज डाव्या बाजूनं बोललो तर तिला ऐकू गेलं नाही. म्हणाली, "त्या कानाशी बोलू नका, तो गेलेला आहे."

"कधी?"

"संध्या पोटात होती तवा. भाजीत मीठ जास्त नव्हतं, कमी बी नव्हतं. त्यांची गाडी लेट आली होती. बाहेर सायबाचं ऐकून आले, घरात मला ऐकवलं. एकच चापट. आतून शिट्टी वाजल्यासारखं झालं, आन मग त्या अंगाला नुसती शांतता."

मी एवढी वर्षं तिला म्हणायचो, बहिरी आहेस का. गमतीनं म्हणायचो.

तिच्या बापाची बैलगाडी होती. बैलगाडीही गाडीच. ती लेट होतेच. पण संध्या पोटात असताना ती माहेरी होती की इथं, नीट आठवत नाही. म्हातारपणी आठवणींची खिचडी होते, तिची झाली तशी माझीही होत असेल. डॉक्टरला विचारलं पाहिजे.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

स्वेटरची पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. तिचे हात दमतात, म्हणून मी ठरवलं, दुसरी बाही आपण सुरू करून ठेवायची. तिला सकाळी तयार दिसेल. खाकी वाळत होती, म्हणून सदऱ्यावरच बसलो, कॉटवर, सुया घेऊन.

ती न्हाणीघरातून आली. मला बघितलं. माझ्या हातातलं स्वेटर बघितलं. जे कधी बोलत नाही ते माणूस बोललं.

"द्या ते."

"अगं, मी विणतोय. शिकलोय मी."

"द्या म्हटलं ना."

दिलं. तिनं सुया ओढून काढल्या, लोकरीचं टोक धरलं आणि उसवायला लागली. बाही उसवली, पुढचा भाग उसवला. सरसर सरसर. मी म्हटलं, "केसर, एवढ्या मेहनतीचं, कशाला?"

म्हणाली, "तुमी चुलीत घालायच्या आधी मीच उसवते. लोकर तरी वाचंल."

"मी कशाला चुलीत घालीन? आता घरात चूलच नाही. गॅस आहे."

तिनं वर बघितलं नाही. सगळी पाठ उसवेपर्यंत बसली. मग लोकर गुडघ्यांभोवती गुंडाळून गुंडा केला आणि धान्याच्या कोठीत ज्वारीखाली खुपसला. माझ्यासमोरच लपवला, मला दिसत नाही अशा समजुतीनं.

खाकीतल्या ड्रायव्हरचं स्वेटर घरातल्या माणसामुळं गेलं. मला त्या माणसाचा राग आला. लिहिताना विचित्र वाटतं, पण आला.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. बाजरीची भाकरी, तीळ लावून. पायरीवर जेवलो.

उद्या संध्या येणार. दुपारी गाडीत केसरबाईला विचारून बघितलं, आपलं सहज. "बाई, तुम्हाला हे रोजचं फिरणं आवडतं ना?"

"लई आवडतं."

"मग असंच चालू राहावं वाटतं ना?"

"व्हय की. तुमच्यासंगं मी कुठं बी येईन."

झालं तर. जीव भांड्यात पडला. उद्या खाकीच घालतो. संध्यानं विचारलं की ती माझ्याकडं बघेल आणि म्हणेल. शर्टाला कडक इस्त्री केली.

मंगळवार, १४ जानेवारी

संध्या सकाळच्या गाडीनं आली. तीळगूळ दिला. मला बघून म्हणाली, "हे काय नाटक, बाबा?"

"तिला बरं वाटतं."

"ते दिसतंय," म्हणाली.

केसरबाईला तिनं पलंगावर बसवलं, हात हातात घेतला. मी दाराशी उभा, ड्रायव्हर उभा राहतो तसा. संध्या म्हणाली, "आई, मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. इथं या घरात राहायचं, का माझ्याकडं वैजापूरला यायचं?"

केसरबाईनं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडंच. मी मान हलवली, हिंमत द्यायला.

"ड्रायव्हर, तेवढं दार लावा," म्हणाली. "तो आला तर ऐकंल."

मी दार लावलं.

मग ती संध्याच्या जवळ सरकली आणि हळू म्हणाली, "मला कडुबाजवळ ठेवू नको."

नाव घेतलं. उखाणा नाही, लाज नाही, पदर नाही. शेजारच्या कुणाचं घ्यावं तसं. पुढं म्हणाली, "आईबापानं नाव बरोबर ठेवलं बघ त्याचं. मी सोसलं, तू होतीस म्हणून. आता मला आठवत नाय काही, सकाळी काय खाल्लं ते बी आठवत नाय. पण तो दारात आला की पाय आपोआप भिंतीकडं जातात. म्हातारपणी तरी भिंत सोडून बसू दे मला."

संध्या रडत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मास्तरीण पोराच्या चुकलेल्या गणिताकडं बघते तसं.

केसरबाई मला म्हणाली, "ड्रायव्हर, न्याल ना मला? त्याला न कळवता?"

"नेतो, बाई."

"इतके दिवस फिरतोय, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. काय नाव तुमचं?"

बाहेर पोरं पतंग काटून ओरडत होती. मी म्हटलं, "ड्रायव्हरच म्हणा, बाई. सवय आहे."

नंतर स्वयंपाकघरात मी संध्याला म्हटलं, "उद्या कर आहे. करीच्या दिवशी कोणी घर सोडत नाही. परवा बघू." ती आईच्या साड्या पिशवीत भरत होती. म्हणाली, "ज्या घरात वर्षभर करच होती, तिथून करीलाच निघायचं."

हे थोडं जास्त बोलली. पण मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं.

बुधवार, १५ जानेवारी

वैजापूरला सोडून आलो. मी पुढं, मायलेकी मागं. दौलताबादच्या पुढं थंडीचं कोवळं ऊन, दोन्ही बाजूला गहू, हरभरा. केसरबाई खिडकीतून बोट दाखवत होती, हे बघ, ते बघ. तिला इतकं खुशीत मी कधी बघितलं नाही. लासूर स्टेशनला चहा प्यायलो. तिनं स्वतःच्या बशीत मला चहा ओतून दिला.

"ड्रायव्हर, बायको आहे का तुमाला?"

"आहे."

"बोलते का तुमच्याशी?"

"गाडीत बसली की बोलते."

ती हसली. संध्याला म्हणाली, "बघ, असा माणूस पाहिजे. या माणसाच्या बायकोनं काहीतरी पुण्य केलं असंल." मग मला, "सुखात ठेवा तिला. हात उगारू नका कधी."

"नाही उगारणार," म्हटलं. संध्यानं चहा अर्धा टाकून दिला आणि गाडीत जाऊन बसली.

पोहोचल्यावर श्रेया धावत आली. केसरबाई उतरली. फाटकापर्यंत जाऊन परत वळली. मला वाटलं, आता ओळखलं. खिडकीशी येऊन म्हणाली, "त्यानं विचारलं तर सांगायचं नाय मी कुठं आहे. शपथ घ्या."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून शपथ घेतली. गाडीची शपथ मी कधी मोडली नाही.

ती आत गेल्यावर संध्या आली. मी म्हटलं, "रविवारी येत जाईन. खाकी घालूनच. तासभर फिरवून आणीन तिला."

"नको, बाबा."

"अगं, ड्रायव्हर म्हणून. तुझ्या बापाचं नाव पण निघणार नाही."

"ड्रायव्हर म्हणून बी नको. एखाद्या दिवशी तिला शर्टाच्या आतलं माणूस ओळखू येईल. आयुष्यात एक भला माणूस भेटला तिला. तेवढा तरी राहू द्या."

येताना रस्त्यात कुठं थांबलो नाही. गोकुळकडं घाटात जायचा तर प्रश्नच नव्हता, ती वाट वेगळी.

सोमवार, २० जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. भामाबाईंनी भाजी आणून दिली. विचारलं, "वहिनी कुठं गेल्या?" म्हटलं, माहीत नाही. शपथ आहे.

रविवार, २६ जानेवारी

सौ. केसरबाई यांस, नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? उजव्या कानाला ऐकू येतं ना नीट? संध्याताईंची पाठ, श्रेयाचा खोकला, सगळं कळवा. इकडे गाडी बरी आहे. तुम्ही गेल्यापासून मागची सीट रिकामी नेतो म्हणून गाडी वळणावर हलकी वाटते. काल करमाडपर्यंत जाऊन आलो. हुरडा संपत आला आहे. पुढच्या वर्षी परत होईल.

विणकाम विसरू नये म्हणून रोज चार ओळी करतो. आवळत नाही. तुम्ही सांगितलं तसं लोकर सैल धरतो.

मालक घरीच असतात. रोज विचारतात, केसरबाई कुठं आहे. मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, तुम्ही निश्चिंत राहा. ते भिंतीला टेकून बसलेले असतात. त्यांचं काय चुकलं ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी नोकर माणूस, मी कसं विचारणार?

संध्याताई हे तुम्हाला वाचून दाखवतील की नाही, माहीत नाही. दाखवलं तर एवढंच करा, त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या आणि लवकर पाठवा. वर मालकांचं नाव टाकू नका, ते हातात घेतील. नुसतं ड्रायव्हर लिहा. मी पायरीवरच असतो.